बडनेऱ्याचे मत कोणी अडविले?

१५ जानेवारी २०२६ रोजी अमरावती महानगरपालिकेसाठी मतदान झाले. त्याआधीचे मतदान २१ फेब्रुवारी २०१७ रोजी झाले होते. या दोन तारखांत जवळजवळ नऊ वर्षांचे अंतर आहे. आणि ज्या राज्यघटनेने नगरसंस्थेची मुदत पाच वर्षांची ठरवून दिली, ती या नऊ वर्षांत एक दिवसही स्थगित नव्हती. २०१७ साली चौथी-पाचवीच्या वर्गात बसलेले बडनेऱ्याचे मूल यंदा मतदार होऊन रांगेत उभे राहिले. निवडणूक झाली, गुलाल उधळला गेला, मिरवणुका निघाल्या, आणि मधल्या काळात काय घडले हे विचारण्याचे आता कोणालाच प्रयोजन उरले नाही, अशी सर्वपक्षीय समजूत दिसते. आम्हांस ती मान्य नाही. मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ या पावणेचार वर्षांहून अधिक काळात बडनेऱ्याच्या नागरिकाचा एक घटनादत्त हक्क त्याच्या हातून काढून घेतला गेला, आणि तो कोणी, कोणत्या कागदाने, कोणत्या तारखेस काढून घेतला हे सांगता येईल असा नागरिक आमच्या सुशिक्षित वर्गातही विरळा.

आधी घटनेचे शब्द पाहू. १ जून १९९३ पासून अंमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरसंस्थांविषयीचा स्वतंत्र भाग घटनेत आला. त्यातील अनुच्छेद २४३-यू म्हणतो की, नगरसंस्थेची मुदत तिच्या पहिल्या सभेपासून पाच वर्षे राहील, त्याहून अधिक नाही. आणि नव्या संस्थेची निवडणूक ही मुदत संपण्यापूर्वी पुरी झाली पाहिजे. येथे 'शक्यतो' हा शब्द नाही, 'शासनास सोयीचे वाटल्यास' हा शब्दप्रयोगही नाही. नागरिकशास्त्राचा हा धडा आम्ही एकेकाळी वर्गात शिकवीत असू, तेव्हा मुले विचारीत, "गुरुजी, मुदत संपली आणि निवडणूक झालीच नाही तर?" असे होत नसते, असे उत्तर तेव्हा निःशंकपणे देता येत असे.

बडनेऱ्याला या प्रश्नाची झळ इतरांहून थोडी अधिक आहे. मुंबई-हावडा लोहमार्गावरील हे जंक्शन, रुळांच्या दोन अंगांना जुनी वस्ती व नवी वस्ती अशी विभागलेली ही नगरी, १५ ऑगस्ट १९८३ पूर्वी आपला कारभार आपल्या नगरपालिकेतून पाहत होती. त्या दिवशी अमरावती महानगरपालिका अस्तित्वात आली आणि बडनेऱ्याची नगरपालिका तीत विलीन झाली. त्या विलीनीकरणाच्या बऱ्यावाईटाची चर्चा येथे करण्याचे कारण नाही. परंतु स्वतःची नगरपालिका देऊन टाकल्यावर बडनेऱ्याच्या हाती राहिले काय, तर महापालिकेच्या सभागृहातील आपल्या प्रभागांचे नगरसेवक. मार्च २०२२ मध्ये मुदत संपताच तेही गेले. आयुक्त हेच प्रशासक झाले. महासभेचे अधिकार त्यांचे, स्थायी समितीचे अधिकारही त्यांचेच. आयुक्ताने अंदाजपत्रक तयार करावे, ते आयुक्तानेच स्थायी समिती या नात्याने तपासावे आणि महासभा या नात्याने मंजूर करावे, असा हा एकपात्री प्रयोग महाराष्ट्रातील बहुतेक सर्व महापालिकांत सुमारे चार वर्षे चालला. व्यक्तिशः कोणाही अधिकाऱ्याविषयी आमची तक्रार नाही. नवी वस्तीतील गटार तुंबले तर नागरिकाने कोणाच्या दारी जावे, हा प्रश्न मात्र त्या काळात अनुत्तरित होता. नगरसेवक दुर्लक्ष करीत असला तरी त्याला पुढच्या मतदानाची भीती असते. बदलीच्या हुकमाची वाट पाहणाऱ्या अधिकाऱ्याला ती कशी असणार?

हे सारे सुरू झाले ते मुंबईत किंवा दिल्लीत नव्हे, आपल्या वऱ्हाडातच. विकास किशनराव गवळी विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला वाशीम जिल्हा परिषदेच्या निवडणुकीतून उभा राहिला. १९६१ च्या जिल्हा परिषद व पंचायत समिती कायद्याच्या बाराव्या कलमात इतर मागासवर्गीयांना सरसकट २७ टक्के जागा ठेवलेल्या होत्या. अनुसूचित जाती-जमातींच्या जागा मिळवून ही बेरीज अकोला, वाशीम, नागपूर, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांत ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडून गेली. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, आधी यासाठी स्वतंत्र आयोग नेमा, त्याने प्रत्येक स्थानिक संस्थेपुरती पाहणी करून प्रमाण सांगावे, आणि एकूण आरक्षण निम्म्यावर जाऊ देऊ नये. ज्या जागा भरल्या होत्या त्या रिकाम्या झाल्या आणि त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२१ मध्ये पोटनिवडणुका घ्याव्या लागल्या.

इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाला आमचा विरोध नाही, हे येथेच सांगून टाकतो. ज्या समाजांना पिढ्यान्पिढ्या गावच्या चावडीवर बसण्याचा मान नव्हता त्यांना सभागृहात आसन मिळाले ते या तरतुदीमुळेच. परंतु न्यायालयाने घातलेली अट नवी नव्हती. के. कृष्णमूर्ती यांच्या खटल्यात २०१० सालीच घटनापीठाने ती सांगून ठेविली होती. २०१० ते २०२१ या अकरा वर्षांत मंत्रालयात सर्व प्रमुख पक्षांची पाळी येऊन गेली. पाहणी कोणीच केली नाही. त्या वर्षांतील प्रचारसभांत मागासवर्गीयांच्या कल्याणाच्या घोषणा किती झाल्या याची गणती कोण करणार? पाहणीसाठी बसलेल्या आयोगाची संख्या शून्य होती, आणि ती सहज मोजता येत होती.

निकालानंतर जे झाले ते आमच्या राजकारणाच्या रीतीला धरूनच झाले. जून २०२१ मध्ये तेव्हाचे विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केले की, सत्ता द्या, काही महिन्यांत हे आरक्षण परत आणतो, न आणले तर राजकारण सोडतो. सत्ताधाऱ्यांनी दोष केंद्राकडे ढकलला. केंद्राने जनगणनेतील माहिती दिली नाही असे त्यांचे म्हणणे. सप्टेंबर २०२१ मध्ये ठाकरे मंत्रिमंडळाने वटहुकूम काढला. ६ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. २७ डिसेंबरला विधिमंडळाने एकमताने ठराव केला की, इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणावाचून निवडणुका होऊ नयेत. ज्या दोन बाजू एकमेकींचे तोंड पाहावयास तयार नव्हत्या त्यांचे या एका गोष्टीवर एकमत झाले. अशा वेळी सुज्ञ वाचकाने थोडे सावध व्हावयास हवे. राजकारणात भांडण झाले तर निदान दोन्ही बाजू उजेडात येतात; एकमत झाले की बहुधा काहीतरी झाकले जाते.

झाकले गेले ते ७ मार्च २०२२ रोजी. त्या दिवशी विधिमंडळाने आणखी एक दुरुस्ती एकमताने मंजूर केली, आणि आमच्या मते या साऱ्या प्रकरणातील सर्वात महत्त्वाचा कागद हाच आहे. या दुरुस्तीने प्रभागरचनेचे काम राज्य निवडणूक आयोगाकडून काढून राज्य शासनाकडे आणले आणि तोवर झालेली प्रभागरचना रद्द केली. याचा अर्थ काय? प्रभागाची सीमारेषा रस्त्याच्या या बाजूने न्यावी की त्या बाजूने, जुनी वस्ती एका प्रभागात ठेवावी की तिचे तुकडे दोन प्रभागांत वाटावेत, यावर निवडणुकीचा निकाल पुष्कळदा मतदानापूर्वीच ठरतो. म्हणूनच घटनेने या निवडणुकांचे नियंत्रण शासनाच्या हाती न देता स्वतंत्र आयोगाकडे दिले. खेळणाऱ्यानेच मैदान आखावयाचे, असा पालट या दुरुस्तीने झाला. तो मागासवर्गीयांच्या हिताच्या नावाने झाल्यामुळे सभागृहात कोणी ब्र काढला नाही. महाराष्ट्रातील बहुतेक महापालिकांची मुदत त्याच महिन्याच्या आसपास संपत होती, हा योगायोग असेल तर मोठाच सोयीचा योगायोग म्हटला पाहिजे.

४ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आज्ञा केली की, ११ मार्चपूर्वी झालेल्या प्रभागरचनेवर दोन आठवड्यांत निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर करा. हा दिवस बडनेऱ्याच्या नागरिकास आठवतो काय? त्याच दिवशी मुंबईच्या न्यायालयाने हनुमान चालिसा प्रकरणात अटकेत असलेले बडनेऱ्याचे आमदार रवि राणा व अमरावतीच्या तत्कालीन खासदार नवनीत राणा यांना जामीन दिला. त्या प्रकरणातील न्यायान्यायाचा विचार येथे प्रस्तुत नाही. परंतु त्या संध्याकाळी बडनेऱ्याच्या फलाटावर, बसथांब्यावर आणि बैठकीच्या खोल्यांतून कोणत्या न्यायालयाची चर्चा झाली असेल, हे सांगण्यास ज्योतिषी नको. पुढल्याच महिन्यात शिवसेना फुटली. कोणता आमदार सुरतेहून गुवाहाटीस गेला, कोणत्या हॉटेलात उतरला, कोण परत फिरला, हे आमच्या प्राध्यापक-वकील मंडळींना मुखोद्गत होते. आपल्या प्रभागाला नगरसेवक का नाही, असे त्यांना विचारले असता बहुतेकांचे उत्तर एकच: "कोर्टात अडकले आहे."

हे उत्तर खोटे नाही. पण त्यावर समाधान मानणाऱ्याने शेजारच्या राज्याकडे पाहावे. मध्यप्रदेशातही हाच प्रश्न, हीच अट, हेच न्यायालय. तेथे १० मे २०२२ रोजी न्यायालयाने आरक्षणावाचून निवडणुका घेण्यास सांगितले. त्या शासनाने धावपळ करून आपल्या आयोगाचा अहवाल पुढे ठेवला, १८ मे रोजी न्यायालयाने तो स्वीकारून आरक्षणासह निवडणुकीस मान्यता दिली, आणि जुलै २०२२ च्या ६ व १३ तारखांना तेथील शहरांत मतदान होऊन गेले. ज्या मध्यप्रदेशात वऱ्हाड १९५६ पर्यंत नांदत होता, त्याने दोन महिन्यांत जे उरकले त्याला महाराष्ट्राने त्यानंतर साडेतीन वर्षे घेतली. आम्ही वऱ्हाड परत तिकडे न्या असे म्हणत नाही. पण मोर्शी-वरूडच्या पलीकडे सीमा ओलांडली की नगरसेवक भेटतो आणि अलीकडे भेटत नाही, ही अवस्था महाराष्ट्राच्या पुरोगामित्वाच्या अभिमानास शोभणारी होती काय?

आणि महाराष्ट्रातही अहवाल आला नाही असे नाही. ठाकरे सरकारने मार्च २०२२ मध्ये नेमलेल्या जयंत बांठिया आयोगाचा अहवाल जुलैत तयार झाला, तोवर शिंदे सरकार आले होते, आणि २० जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो अहवाल मान्य करून दोन आठवड्यांत निवडणुका जाहीर करण्यास सांगितले. आम्ही आयोग नेमला म्हणून यश आमचे, असे एक बाजू म्हणाली. आम्ही सत्तेवर येताच आरक्षण आले, असे दुसरी. श्रेयाचे हार दोन्ही गळ्यांत पडले. मतदाराच्या हाती काय पडले? दोन आठवडे पुरते उलटलेही नव्हते तोच ऑगस्टच्या आरंभी नव्या सरकारने वटहुकूम काढून जुन्या सरकारने वाढविलेली नगरसेवकांची संख्या रद्द केली आणि २०१७ ची संख्या परत आणली. झालेली प्रभागरचना त्यामुळे पुन्हा निरुपयोगी ठरली, नवा वाद न्यायालयात गेला, आणि २२ ऑगस्टला 'जैसे थे'चा आदेश झाला. हा आदेश पाच आठवड्यांसाठी होता. ते पाच आठवडे संपण्यास ६ मे २०२५ ही तारीख उजाडावी लागली. न्यायालयाविषयी पूर्ण आदर राखूनही हे लिहावे लागते की, घटनेने पाच वर्षांची कालमर्यादा घातलेल्या गोष्टीची सुनावणी पावणेतीन वर्षे पुढे पुढे जात राहणे, हे त्या मर्यादेचा मान राखणे नव्हे. ६ मे रोजी न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका उरकण्यास सांगितले. सप्टेंबरात ती मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून घेण्यात आली.

या काळात प्रभागाच्या आकाराचे जे झाले ते तर प्रहसनाचा विषय होईल. २०१७ मध्ये एका प्रभागात चार नगरसेवक होते. डिसेंबर २०१९ मध्ये ठाकरे सरकारने कायदा बदलून एकाचा प्रभाग केला. कारण चांगलेच सांगितले होते: चौघांत जबाबदारी कोणाची हे मतदारास कळत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याच सरकारने तो तिघांचा केला. आधीचे कारण कोठे गेले हे सांगण्याची गरज कोणास वाटली नाही. जून २०२५ च्या आदेशाने तो पुन्हा चौघांचा झाला. अमरावतीत २०१७ साली ८७ जागा होत्या, २०२६ मध्येही ८७ जागांसाठीच मतदान झाले. चार, एक, तीन आणि पुन्हा चार. एवढी विधेयके, एवढे वटहुकूम, एवढी भाषणे होऊन गाडी निघाली त्याच फलाटावर येऊन उभी राहिली, आणि त्या फेऱ्यात बडनेऱ्याच्या माणसाची चार वर्षे खर्ची पडली.

लाभ कोणाचा झाला, हे पाहण्यास फार खोल जावे लागत नाही. नगरसेवक नसले की शहराच्या तिजोरीची किल्ली प्रशासकाकडे, प्रशासकाची नेमणूक व बदली मंत्रालयाकडे. आमदार-खासदारांनाही प्रभागात दुसरा निवडून आलेला माणूस नसणे गैरसोयीचे नसते. रस्त्याच्या भूमिपूजनाचा नारळ एकट्यालाच फोडता येतो. २६ एप्रिल २०२४ रोजी लोकसभेसाठी आणि २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेसाठी बडनेऱ्याने मतदान केले. तेच मतदार, त्याच शाळांच्या खोल्या. दिल्लीचे आणि मुंबईचे मत घेण्यास जी यंत्रणा समर्थ होती, तिला प्रभागाचेच मत घेता आले नाही. आणि हा रोग महाराष्ट्राचाच नव्हे: बंगळूर महापालिकेची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली, पाच वर्षे उलटली तरी तेथे निवडणूक झाली नव्हती. सरकार कोणत्या पक्षाचे यावर ते अवलंबून नाही, हे त्यावरून दिसते.

आमच्या परिचयाचे काही सद्गृहस्थ म्हणतात की, प्रशासकाचा कारभार बरा. कामे होतात, टक्केवारी नाही, गोंधळ नाही. हा युक्तिवाद नवा नाही. लॉर्ड रिपन यांनी १८८२ मध्ये स्थानिक स्वराज्याचा ठराव केला तेव्हा कलेक्टर मंडळी हेच म्हणत होती. वऱ्हाडला तर ही चव अधिकच परिचयाची आहे. कागदोपत्री हा मुलूख निजामाचा असल्यामुळे १९१९ च्या सुधारणांनंतरही मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कौन्सिलात आमच्या लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधीस सरकारने पुन्हा 'नियुक्त' करावे लागे. आमच्या आजोबांना निवडून देण्याचा हक्क मिळाला तोही सरकारच्या शिक्क्याखाली. ती मानखंडना त्यांना झोंबत होती. त्यांच्या नातवंडांना प्रतिनिधीच नसण्याची सवय चार वर्षांत जडावी, आणि ती बरीही वाटावी, याचे आम्हांस नवल वाटते.

त्याहून मोठी हानी दिसावयास वेळ लागेल. डॉ. पंजाबराव देशमुख देशाचे कृषिमंत्री होण्यापूर्वी १९२८ साली अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष होते. वसंतराव नाईक यांचे सार्वजनिक जीवन पुसदच्या नगराध्यक्षपदापासून उभे राहिले, आणि महाराष्ट्रातील जिल्हा परिषदा ज्या समितीच्या शिफारशींवर उभ्या राहिल्या तिचे अध्यक्षही तेच. ज्या शिडीवरून ते चढले तिचा महत्त्व त्यांना ठाऊक होते. २०२२ ते २०२६ या काळात त्या शिडीवर पाय ठेवू पाहणारा बडनेऱ्याचा तरुण काय करीत होता? कोणातरी नेत्याच्या वाढदिवसाचे फलक लावीत होता. तरुणींची गोष्ट याहून कठीण. स्थानिक संस्थांत निम्म्या जागा कायद्याने स्त्रियांच्या आहेत. लोकसभा-विधानसभेतील त्यांचे आरक्षण २०२३ च्या घटनादुरुस्तीने पुढील जनगणनेच्या खुंटीला टांगून ठेवले. म्हणजे जेथे दार उघडे होते तेथे कुलूप पडले, आणि जेथे कुलूप होते तेथे किल्लीचे आश्वासन मिळाले.

ग्रामीण भागाचे दुःख महापालिकांच्या निवडणुकीने संपले असेही नाही. जानेवारी २०२६ मध्ये जिल्हा परिषदांचा पहिला टप्पा जाहीर झाला तेव्हा त्यात बारा जिल्हे होते आणि विदर्भातील एकही नव्हता. कारण तेच, आरक्षणाची बेरीज निम्म्यावर जाणे. ज्या मुद्द्यावर वाशीमचा खटला २०२१ मध्ये निकालात निघाला, त्याच मुद्द्यावर पाच वर्षांनी वऱ्हाडच्या जिल्हा परिषदा अडून बसल्या.

नव्या महापालिकेची मुदत तिच्या पहिल्या सभेपासून मोजावयाची आहे. म्हणजे २०३१ च्या आरंभी पुढची निवडणूक झाली पाहिजे. त्यापूर्वी जनगणना व्हावयाची आहे. २०२१ ची त्या वर्षी झालीच नाही. आता १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख ठरविण्यात आली आहे. तिचे आकडे आले की नगरसेवकांची संख्या बदलण्याची चर्चा निघेल, प्रभाग नव्याने आखावे लागतील, आणि हे काम कोणी करावे हा ७ मार्च २०२२ चा प्रश्न पुन्हा दारात येईल. शासकीय राजपत्रात प्रारूप प्रभागरचना प्रसिद्ध होते, तिच्यावर हरकती घेण्यास थोडे दिवस मिळतात, नकाशा महापालिकेच्या कार्यालयात लावला जातो. हरकती नोंदविणारे बहुधा इच्छुक उमेदवार आणि त्यांचे कार्यकर्ते असतात. जुनी वस्ती आणि नवी वस्ती यांतील वकील, शिक्षक, निवृत्त रेल्वे कर्मचारी यांच्यापैकी किती जण तो नकाशा पाहावयास जातात, हे त्या कार्यालयातील शिपाई सांगू शकेल.